तुझी चार मिनिटं बारा सेकंद

लीला, ती भिंत मी बुजवायला लावली.

सरळच सांगून टाकतो. वीस-बावीस वर्षं पोटात ठेवलं. तू होतीस तोवर तोंड उघडलं नाही, आता तू नाहीस तर सांगतो आहे. असा माणूस आहे मी, तुला माहीतच आहे.

तेरावा झाला. मंडळाचे दोघं आले होते. म्हणाले, भाऊ, अंकासाठी वहिनींवर चार ओळी द्या, जन्म कुठला, लग्न कधी, आजारी किती दिवस होत्या. मी म्हटलं, ते तुम्हीच लिहा, मला लिहायचं तर मी भिंतीचं लिहीन. ते एकमेकांकडे पाहत बसले. सातवीतून शाळा सोडलेला म्हातारा, बायको गेल्यावर काहीतरी बडबडतो आहे, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे. दुसरं कोणी वाचेल त्याला समजावं म्हणून मी सगळं पहिल्यापासून सांगतो. तू फक्त ऐक. मध्ये बोलायची सवय तुला होती, आता तीही भीती नाही.

मिल बंद झाली तेव्हा मला सायझिंग खात्यात एकतीस वर्षं झाली होती. सायझिंग म्हणजे सुताला खळ लावायची जागा. ताण्याचे दोरे गरम खळीतून काढायचे, वाफेच्या मोठ्या ड्रमांवर सुकवायचे, मग ते मागावर चढतात. खळ नाही लागली तर दोरा मागावर टिकत नाही, दहा ठिकाणी तुटतो. लोक सूतखात्याचं नाव घ्यायचे, मागवाल्यांचं नाव घ्यायचे. मधल्या आमचं कोणी घेत नव्हतं. घरी आलो की तू म्हणायचीस, अंगाला खळीचा वास येतोय, आधी आंघोळ करा. एकतीस वर्षं सायझिंगबद्दल तू एवढंच बोललीस.

मग फाटकाला सील लागलं. फाटकावर आम्ही किती महिने उभे राहिलो ते मोजायला मला आवडत नाही. नेते आले, भाषणं झाली, मग नेते यायचे बंद झाले. मी घरी ओट्यावर बसायला लागलो. सकाळी भोंग्याच्या वेळेला आपोआप जाग यायची, आणि भोंगा नसायचा. तू साड्यांना फॉल लावायचीस, दोसुतीच्या कापडावर घरं मोजून टाके घालत टेबलक्लॉथ भरून द्यायचीस. घर त्यावर चाललं. एकदाही तू मला बसून खाता म्हणाली नाहीस. म्हणाली असतीस तर मला भांडता तरी आलं असतं.

ज्या दिवसांत मिलला सील लागलं त्याच दिवसांत इंदुरात, भंवरकुआंला, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लासचे बोर्ड लागले. आपल्या वरच्या खोलीत राहणारा मुकुंद मिलच्या टाइम ऑफिसात होता. पगाराच्या कामासाठी मिलने कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो त्यावर बसायला शिकला, आणि मिल गेली तेव्हा ते एवढंच त्याच्या हातात राहिलं. क्लासमध्ये शिकवायला लागला. त्याची बायको माहेरी, देवासला. एक जुना कॉम्प्युटर आणून त्याने वर ठेवला आणि रिकाम्या वेळात त्यावर खेळ बनवायला लागला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विकत घेणार नव्हतं. मी विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाला, "काका, बस, बनवून पाहतोय."

तू चहा घेऊन वर गेलीस आणि खाली आलीच नाहीस. मी हाका मारून दमलो. शेवटी गुडघे धरत वर आलो तर तू खुर्चीवर, चष्मा नाकावर, आणि मुकुंद उभा.

"अहो, हे तर दोसुतीच आहे," तू म्हणालीस. "घरंच घरं. एकेक घर भरायचं."

तो माणसाचं चित्र काढत होता. सोळा घरं आडवी, सोळा उभी, त्यात माणूस बसवायचा. त्याचा माणूस बिजागरीसारखा दिसत होता. तू तुझी चौकटीची वही आणलीस आणि पेन्सिलने एका दमात माणूस काढलास. टोपी, अर्धी चड्डी, गळ्यात पंचा.

"हा कोण?" मी विचारलं.

"तुम्ही. उभे राहा सरळ, पोट आत घ्या."

"माझं नाक कुठे आहे?"

"नाकाला एकच घर मिळालं. तुमच्या नाकाप्रमाणे द्यायचं तर चार लागतील, मग तोंड कुठे काढू?"

मुकुंद इतका हसला की चहा सांडला. मीही हसलो असेन. सील लागल्यापासून पहिल्यांदाच.

त्या खेळाचं नाव तुम्ही 'पाळी' ठेवलं. माणूस मिलच्या फाटकातून शिरतो, एकेका खात्यातून जातो, पट्टे, चाकं, वाफ, खात्याचा मुकादम जॉबर, सगळं चुकवत शेवटी मागाजवळ पोचतो. दुसरा भोंगा संपायच्या आत. आता मिल आतून कशी, हे तुला काय माहीत? मुकुंदने टाइम ऑफिसाची खिडकी सोडून काही पाहिलं नव्हतं. म्हणून रोज संध्याकाळी तू पोळ्या लाटता लाटता विचारायचीस आणि मी सांगायचो, मग तू ते वहीत घराघराने काढायचीस. कापूस पिंजायचं कार्डिंग कुठे, सूतखात्याचं दार कोणत्या बाजूला उघडतं, पाण्याचा माठ कुठे होता. माठावरून आपण तीन दिवस भांडलो. तू म्हणालीस, दाराशी माठ कोण ठेवतो? मी म्हटलं, ठेवत होते ना यार, मी पाणी प्यायलोय त्यातलं!

लीला, आपल्या लग्नाला तेव्हा तीस वर्षं होऊन गेली होती. मिल आतून कशी आहे हे तू पहिल्यांदा विचारलंस, आणि मीही पहिल्यांदाच सांगितलं. मिल चालू होती तेव्हा तुला वेळ नव्हता, मला शब्द नव्हते. तेवढे तीन-चार महिने माझे चांगले गेले. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. मी काय बोललो? म्हणालो, पोळी करपते आहे.

मुकुंदने खेळ क्लासमध्ये नेला. फ्लॉपीवर भरून. होस्टेलची पोरं, कोणी खरगोनचा, कोणी मंदसौरचा, मोठमोठ्या परीक्षांची तयारी करायला आलेली, त्यांना तो आवडला. सुरुवातीला नुसता पूर्ण करायचे. मग कोणीतरी घड्याळ लावलं, आणि पूर्ण करण्याला काही किंमत राहिली नाही, किती लवकर करतो ते महत्त्वाचं झालं. क्लासच्या भिंतीवर कागद लागला, नाव आणि वेळ. नियमही त्यांनीच बनवले. घड्याळ दुसऱ्याच्या हातात पाहिजे, निदान दोन जणांनी पाहिलेलं पाहिजे. मुकुंद सांगायचा, काका, दुनियाभर लोक असं करतात, गेम घेतात आणि सेकंद-सेकंद कमी करत बसतात, वर्षं घालवतात एकेका सेकंदासाठी. मला ते येडेपण वाटलं. पण आम्हीही खात्यात तेच केलं होतं, ड्रमवर दोरा किती वेळ ठेवायचा यावर. हे मी त्याला सांगितलं नाही.

तू दुपारी वर जाऊन खेळायचीस. सुईचा हात तुझा, बोटं चालायची. सात मिनिटं लागायची, मग साडेसहा. आणि एक दिवस तू खाली आलीस ती धापा टाकत.

"अहो, चला वर. तुम्हाला दाखवते."

"काय?"

"भिंतीतून जाता येतं! सूतखात्यातून सरळ मागाकडे. सायझिंगच्या भिंतीत एक घर रिकामं राहिलंय. माझंच आहे ते. दोसुतीत रंग बदलताना मी कोपऱ्यातलं एक घर सोडते ना, मागून दोरा ओढून गाठ मारायला? हाताची सवय. चित्रातही तशीच सोडली गेली. मुकुंदने वहीत होतं तसं उतरवलं. तिथे बसून उडी मारली की माणूस आरपार! चला ना, दाखवते कुठे आहे ते."

"तू बघ," मी म्हटलं. "माझा चहा थंड होतोय."

मी वर आलो नाही, लीला. माझ्या कानात फक्त एकच शिरलं होतं, सूतखात्यातून सरळ मागाकडे. मतलब मधलं सायझिंग नाहीच. खळ नाही, वाफ नाही. एकतीस वर्षं मी जिथे उभा राहिलो त्याच्या बाजूने माणूस निघून जातो आणि काही बिघडत नाही. दोरा तुटत नाही. आणि तो माणूस मीच, टोपी घातलेला.

पुढच्या रविवारी तू क्लासला निघालीस. अंजिरी साडी नेसली होतीस. मला म्हणालीस, चला ना, एकट्याने मला लाज वाटते. टेंपोत तू दांडा धरून बसली होतीस आणि बोटं दांड्यावर चालत होती, डावं, डावं, खाली, उडी. मी पाहत होतो.

पोरांनी तुला मधल्या खुर्चीवर बसवलं. मी सगळ्यांच्या मागे, दाराशी. पडदा मला डोक्यांच्या मधून थोडा थोडा दिसत होता. घड्याळ हातात घेतलेला मुलगा ओरडला, "चलो आंटीजी, तीन, दो, एक!" मग नुसत्या बटणांचा आवाज. आणि मग एकदम आरडाओरडा, मला वाटलं कोणी पडलं.

"अबे दीवार में से निकल गई!"

"चीटिंग है भिया! ये नहीं चलेगा."

"गेम में है तो चीटिंग कैसी? तूने रोका था ढूँढने से?"

"मुकुंद सर, आप बोलो!"

मुकुंद तोंड उघडून उभा होता. त्यालाही माहीत नव्हतं. मग म्हणाला, "जो गेम में है, वो गेम में है." आणि पोरांनी तुझं नाव कागदावर सगळ्यात वर लिहिलं. चार मिनिटं बारा सेकंद. दुसऱ्या नंबरच्या पोराला सहाच्या वर लागत होती. तो हात जोडून म्हणाला, "आंटीजी, मुझे शागिर्द बना लो." तू पदराने तोंड पुसत होतीस, घाम आला म्हणून. मला माहीत आहे, घाम नव्हता.

परत येताना टेंपोत तू म्हणालीस, "तुम्ही काही बोलला नाहीत."

"काय बोलू? भिंतीतून माणूस जातो?"

"खेळ आहे हो."

"मिल आहे ती."

"मिल कुठे आहे आता?" तू म्हणालीस. रागाने नाही. सहज. मग जुनी इंदूर येईपर्यंत आपण दोघं बाहेर पाहत बसलो.

मंगळवारी तू बाजारात गेल्यावर मी वर गेलो.

"ते भोक बुजव," मी मुकुंदला म्हटलं.

"कोणतं, काका?"

"सायझिंगच्या भिंतीतलं. तुझी काकू जाते ते."

तो हसला. "काका, सगळी मजा तर त्यातच आहे! पोरं पागल झालीत. मी बनवलेला खेळ, आणि मलाच माहीत नाही असं काकूंनी शोधून काढलं. ते कसं बुजवू?"

"मिलला असं भोक नव्हतं."

"पण हा खेळ आहे."

"आणि ही खोली माझी आहे," मी म्हटलं.

त्याने हात बटणांवरून काढला. त्याचं नवं बाळ देवासला होतं, बायकोला तो पुढच्याच महिन्यात आणणार होता. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो. फाटकावर आम्हाला कोणी असंच बोललं होतं तेव्हा मी दगड उचलला होता. मुकुंदने दगड उचलला नाही. "दोन दिवस द्या," म्हणाला. खाली उतरताना मी जिना मोजून उतरलो.

त्याने भिंत भरली. क्लासमधल्या फ्लॉपी परत घेतल्या आणि त्यांच्यावरच नवा खेळ भरला, कारण फ्लॉपी मोजक्याच होत्या. पोरांनी नियम काढला, जुन्या खेळाचा टाइम नव्यात धरायचा नाही. तुझ्या नावावर रेघ मारली. बरोबरच होतं त्यांचं. तू ते रविवारी पाहून आलीस.

चप्पल काढलीस, पाय धुतलेस, आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिलीस.

"मुकुंद म्हणतो माझ्या चित्रात चूक होती. ती त्याने काढली," तू म्हणालीस. "तुम्हाला मिल माहीत आहे. खरंच चूक होती का हो?"

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. एकच शब्द, तोही वर न पाहता. तू म्हणालीस, "हं." आणि कणीक मळायला घेतलीस.

त्यानंतर तू वर गेली नाहीस. चहा असला तर जिन्याच्या तोंडाशी ठेवून हाक मारायचीस. मुकुंदने बोलावलं, दुसरा खेळ बनवतोय, काकू चित्रं काढा ना. तू म्हणालीस, "नको बाबा, माझ्या हातून चुका होतात." मी ओट्यावर बसून ऐकलं. तुझ्या हातून! ज्या हाताने घर चाललं! मला तेव्हा उठता आलं असतं. चार पावलं होती. मी बिडी पेटवली.

पुढे मुकुंदला पुण्यात कंपनीत नोकरी लागली, तो गेला. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. मिलची जागा सपाट झाली. आपण दोघं म्हातारे झालो. तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. शेवटच्या आठवड्यात तू मला ओळखत होतीस की नाही मला समजत नव्हतं, तेव्हा मी ठरवलं, आज सांगू. तुझा हात हातात घेतला. बोटं अगदी गार होती. तू म्हणालीस, "दार लावून घ्या, वारा येतोय." मी उठून दार लावलं. परत येऊन बसलो तर तू झोपली होतीस. मला हायसं वाटलं. बघ, इतका भित्रा.

परवा, चौदाव्या दिवशी, मी राजेंद्र नगरला गेलो. मुकुंद आता तिथे राहतो, पुण्याहून परत आला, केस पांढरे झाले. तुझं समजलं तेव्हा रडला होता फोनवर. मी बसायच्या आधीच म्हटलं, मुकुंदा, ते भोक परत पाड. तुझ्या काकूचा टाइम परत लिही.

त्याने मला बसवलं. मग आतून एक खोका आणला. त्यात तीन फ्लॉपी होत्या, बुरशी आलेल्या. कुठून तरी त्या वाचायचं यंत्र मागून आणलं होतं, तू गेल्याचा माझा फोन त्याला गेला तेव्हापासून शोधत होता बिचारा. एक नुसती खरखरली. एकीत क्लासच्या पोरांच्या फीचे तक्ते निघाले. तिसरी उघडलीच नाही.

"काका, तुम्ही मला खोलीवरून बोलला होतात ना तेव्हा," तो म्हणाला, "मी जुन्या खेळाची एक कॉपी ठेवायला हवी होती. ठेवली नाही. रागात होतो. मीच पुसली." मग म्हणाला, "काकूंचा टाइम किती होता? पाच की काय?"

चार मिनिटं बारा सेकंद, मी म्हटलं. त्याने लिहून घेतलं. ज्यांनी पाहिलं होतं ती पोरं आता कुठे आहेत, साक्ष कोण देणार, हे त्याने विचारलं नाही. मी पण नाही.

"थांबा," तो म्हणाला, "मी परत बनवतो. आता काय, चार दिवसांचं काम आहे. मिल तुम्हाला आठवते, काकूंची वही असेल ना घरी?"

वही नाही, लीला. ती तू स्वतःच बंबात घातलीस. त्याच वर्षी. मी पाहिलं होतं, आणि विचारलं नव्हतं का जाळते आहेस.

त्याने लॅपटॉप उघडला. मी सांगत गेलो, तो काढत गेला. फाटक, कार्डिंग, सूतखातं, माठ. मग सायझिंगची भिंत. वर चार लोखंडी खिडक्या, खाली पाइप, दोन खांब. एकतीस वर्षं पाठ टेकलेली भिंत, मी डोळे मिटून सांगितली. त्याने सगळी घरं भरली आणि माझ्याकडे वळला.

"हं काका. आता सांगा, रिकामं घर कोणतं होतं? मीच भरलं, पण आता आठवत नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. घरंच घरं. कोपरे किती तरी, प्रत्येक खांबाला दोन, प्रत्येक खिडकीला चार. तू दाखवणार होतीस, तेव्हा माझा चहा थंड होत होता.

"कुठेही सोडतो," मुकुंद हळू म्हणाला. "कोणाला समजणार आहे?"

मी म्हटलं, नको. दुसरीकडून गेली तर ती तू नाहीस.

तो वाट पाहत होता, हात बटणावर. मी अजून थोडा वेळ पाहिलं. मग म्हटलं, राहू दे मुकुंदा, बंद कर.

दोनदा मी त्याच्याकडे तुझं काम घेऊन गेलो, लीला. दोन्ही वेळा बंद करायलाच सांगून आलो.